मास्टर कॉपीतली लेक

प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी वर्गातल्या सगळ्या स्क्रीनवर एकाच चिमुरडीचा फोटो उगवला. पुढचे दोन दात पडलेले आणि त्या खिंडीतून जीभ बाहेर.

"ही तुमची लेक का, बाई?"

शिकवणाऱ्या बाई ओशाळल्या. वर्गातले कॉम्प्युटर नावापुरतेच. सगळं चालायचं सर्व्हरवरच्या एका मास्टर कॉपीतून. ती बाईंनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरून बनवली होती आणि त्यातला हा फोटो पुसायचा राहून गेला होता. पोरांनी आपापले फोटो लावून पाहिले. पण लॉग आउट केलं की सगळं पुसलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी ही पुन्हा जीभ काढून हजर.

"आमच्यापेक्षा हिचीच हजेरी पक्की!" वर्ग हसायचा, बाईही हसायच्या. मास्टरमधूनच काढून टाका की, असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "काढू रे, घाई काय आहे?"

शेवटच्या दिवशी बाई यायच्या आत वर्गातल्या एका उतावळ्याने नवी कोरी मास्टर बनवली, सगळीकडे चढवली आणि जुनी कायमची उडवून टाकली. बाई दारातच थबकल्या. ओळीने सगळ्या स्क्रीन नुसत्या निळ्या.

"जमलं ना, बाई?"

"जमलं. अगदी मी शिकवलं तसं."

त्यांचा आवाज ऐकून तो गडबडला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "आता केवढी झाली हो तुमची लेक?"

"तेवढीच आहे," बाई म्हणाल्या.