फाट्यावर आडवी गाडी

गोपाळकृष्ण सरांनी सोमाटणे फाट्यावर भर चौकात गाडी आडवी घातली, बॉनेट उघडलं आणि इंजिनात डोकं घातलं. इंजिनातलं त्यांना काडीचंही कळत नव्हतं. शिवाय गाडीला काही झालंच नव्हतं.

बघता बघता दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या. हॉर्ननी कान किटले. फुलांच्या टेम्पोतून ड्रायव्हर कोंडाजी उतरला.

"आबा, सरका. मी बघतो."

सर नको नको म्हणेपर्यंत त्यानं आत बसून किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"ही तर चालू हाय की! मंग आडवी कशाला घातली? लोकं मारत्याल तुमाला."

सरांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. "थोडा वेळ राहू द्या. पाया पडतो तुमच्या."

पांढऱ्या केसांचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस आपल्याला हात जोडतोय, हे बघून कोंडाजी गडबडला. "आवं, पर झालंय काय?"

"बायको तळेगावच्या हॉस्पिटलात आहे, आयसीयूत. सकाळी तिच्याकडे जाताना मी इथं जॅममध्ये अडकलो, की त्या दिवशी तिचा ऑक्सिजन वाढतो. रस्ता मोकळा मिळाला, की घसरतो. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस काढला पाहिजे. आणि आज बघतो तर रस्ता मोकळा..."

हेच सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. "लोणावळ्यात चिक्कीचा खप वाढला, की मावळात छत्र्या जास्त हरवतात. म्हणजे चिक्की खाऊन माणूस छत्री विसरतो काय रे?" असं विचारून सगळा वर्ग हसवायचे. दोन आकडे जोडीनं चढले-उतरले, म्हणून एकानं दुसऱ्याला ओढलं असं होत नाही, एवढं तरी पोरांच्या डोक्यात शिरलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट असायचा.

"आसं खरंच आसतं व्हय?" कोंडाजीनं विचारलं.

"नसतं," सर म्हणाले. "अजिबात नसतं."

"मंग?"

सरांनी पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

खिशात फोन वाजला. पडद्यावर मुलीचं नाव होतं, श्रद्धा. सरांचं बोट काही पुढं होईना. शेवटी कोंडाजीनंच फोन घेऊन स्पीकरवर लावला.

"बाबा! आईचा ऑक्सिजन वाढलाय! तिनं डोळे उघडलेत. सारखं तुम्हालाच विचारतेय. लवकर या ना!"

कोंडाजीनं फोन सरांच्या हातात दिला आणि दाणकन बॉनेट पाडलं. "बसा आबा, बसा! काढा गाडी! मी फुडच्यांना मागं सारतो." तो गाड्यांमधून ओरडत पळत सुटला. "आरं, घ्या मागं! पेशंट हाय मानसाचं!"

एक ट्रक मागं सरला. मग एक एसटी. शिव्या घालणारेसुद्धा बाजूला झाले. तळेगावकडे जायला गाडीपुरती वाट झाली.

सर स्टिअरिंगवर बसले. किल्ली त्यांच्या मुठीतच होती. त्यांनी समोरच्या मोकळ्या वाटेकडे पाहिलं, आणि मूठ आणखी घट्ट झाली.

"बाबा, निघालात ना? काय सांगू आईला?"

सरांचे डोळे भरून आले.

"तिला सांग," ते म्हणाले, "जॅममध्ये अडकलोय."