चौदा टाक्यांची एक चावी

तिसऱ्या टाकीतले मासेही वर येऊन तोंडं उघडत होते. मारिटने पाइपचे सांधे एकेक करून चाचपले. सगळे कोरडे. पहिल्या टाकीत दोन एंजल मासे आडवे तरंगत होते. आपल्याच हातून काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या या तळघरात तिच्या वडिलांच्या, लेलंडच्या, चौदा टाक्या. दर शनिवारी हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वयंपाकघरातून बादल्या वाहून पाणी बदलायचा आणि रविवारभर कण्हत पडायचा. गेल्या महिन्यात भावाने फोनवर सुनावलं, "जिन्यावरून पडला म्हणजे? वृद्धाश्रमात जागा आहे, नेऊन ठेवू." मारिट हट्टाला पेटली. माशांवाचून तो चार महिने जगला नसता.

तिने टाक्यांना भोकं पाडली, पांढरे पाइप जोडले, फळीवर मोठं पिंप चढवलं. नळाच्या पाण्यातलं, माशांना घातक क्लोरीन मारायचं औषध घालून ते पिंप दर रविवारी तीच भरून ठेवायची. शनिवारी एक चावी फिरवायची की नवं पाणी टाक्यांत, जुनं मोरीत. पिंप बरोबर एका खेपेपुरतं. भावाने हात टेकले. म्हातारा घरीच राहणार होता.

आज शनिवार होता. ती पिंपाशी गेली. स्वयंपाकघरातून आणलेली नळी त्यात सोडलेली होती, पाणी चालूच होतं आणि त्याला पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास येत होता. धावत वर जाऊन तिने नळ बंद केला, खाली येऊन औषधाची अख्खी बाटली टाक्यांमध्ये वाटून टाकली.

लेलंड कॉफीचा मग घेऊन जिना उतरला.

"डॅड, सकाळी पाणी बदललंस का?"

"छे! आत्ता तर खाली येतोय."

"मग पिंप रिकामं झालं कसं? बिनऔषधाचं पाणी कुणी भरलं त्यात?"

"गळलं असेल. तुझं नळकाम म्हणजे तुझ्या आईचा केक, दिसायला झकास!" तो मिश्किल हसला आणि चावीकडे वळला. "सरक, पाणी बदलू दे. बघ, बिचारे कसे वर आलेत."

तिने त्याचा हात धरला. शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली होती.

"डॅड, बदललंयस तू. एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

तो गोंधळला. ओल्या बाहीकडे बघत राहिला. मग कॉफी खाली ठेवून त्याने दोन्ही हात कमरेवर दाबले, डावीकडे वळला, उजवीकडे वळला आणि सुटल्यासारखा हसला.

"नाही गं पोरी. बदललं असतं तर पाठ दुखली असती. हल्ली मला त्यावरूनच तर कळतं."