बारा आठवड्यांनंतरचा मुहूर्त

“निगेटिव्ह आलाय ना? मग झालं की,” म्हणत साकेत खुर्चीतून अर्धा उठलादेखील.

“बसा,” डॉक्टर आसावरी म्हणाल्या. “संबंध आला त्याला किती दिवस झाले?”

“नऊ.”

“नऊ दिवसांत रक्ताला काय कळणार? हर्पिसची लागण झाली असली तरी रक्तात खूण उमटायला वेळ लागतो. बारा आठवड्यांनी रक्ताचीच आयजीजी नावाची टेस्ट करा. तेव्हा निगेटिव्ह आली तर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येईल. आयजीएम नावाच्या दुसऱ्या टेस्टच्या नादी मात्र लागू नका, ती कधीकधी नसलेलंही दाखवते. आणि मध्येच फोड आला तर थेट इकडे या, त्याचा स्वॅब घेऊ.”

साकेत मटकन बसला. ठाण्यात बाळकुमला, घराजवळ, कोणी ओळखीचं बघू नये म्हणून तो कल्याणला येऊन तपासून घेत होता. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये एका मैत्रिणीशी जवळीक झाली, ती तिथेच संपली. घरी परतला आणि चारच दिवसांत टिटवाळ्याच्या शिवानीचं स्थळ आलं. मुलगी बघताक्षणी आवडली. सुपारी फुटली, आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याहून मेसेज आला: ‘मला हर्पिस निघालाय. तूही चेक कर.’ इकडे घरचे महिन्याभरात लग्नाचा बार उडवायच्या गोष्टी करत होते.

“आणि निघाला तर?”

“तर काही आभाळ कोसळत नाही. गोळ्या आहेत, काळजी घेता येते. माणसं लग्नं करतात, मुलंबाळं होतात. फक्त जोडीदाराला आधी सांगायचं.”

साकेतला सांगायचंच होतं. पण काय सांगणार? आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. अर्धवट बोललं तर शिवानी हातची जाईल, ही भीती होतीच. आधी कळू दे, मग बोलू, असं त्यानं ठरवलं. राहिली लग्नाची तारीख. ती पुढे ढकलायला आपल्याकडे एकच माणूस असतो.

गुरुजी दोन्ही घरांचे एकच. स्थळही त्यांनीच सुचवलेलं. साकेतनं त्यांना देवळात एकटं गाठलं.

“गुरुजी, तीन महिने तरी मुहूर्त नको. कारण विचारू नका.”

गुरुजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पंचांग उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. “बरं. पत्रिकेत काढतो काहीतरी. ग्रह बिचारे तक्रार करत नाहीत.”

“मुलीकडचे चिडले तर?” शिवानीचं आधीचं जमलेलं लग्न नुकतंच मोडलं होतं, तिच्या घरी घाई होती.

“मुलीकडचं मी बघतो.”

आणि खरंच, टिटवाळ्याहून चकार शब्द आला नाही. उलट शिवानीच फोनवर म्हणाली, “बरं झालं रे. नीट ओळख तरी होईल.” साकेतला तिच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाजही.

ओळख झाली. दर रविवारी दोघं कल्याणच्या काळ्या तलावाच्या काठी फिरत, भाजलेलं कणीस खात. ती हसली की त्याला अपराधी वाटे. ती कधी फार जवळ सरकली नाही, तोही नाही. संस्कार म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं.

तेराव्या आठवड्यात रिपोर्ट आला. निगेटिव्ह! साकेतला दवाखान्याच्या जिन्यातच नाचावंसं वाटलं. आता कोणाला काही सांगायची गरज नव्हती. गप्प बसला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण बसवेना.

त्याच संध्याकाळी तलावाकाठी त्यानं शिवानीच्या हातात रिपोर्ट दिला आणि पुण्यापासून सगळं सांगून टाकलं. एका दमात, तिच्याकडे न बघता.

तिनं कागद शेवटपर्यंत वाचला.

“म्हणजे मुहूर्त?”

“मीच पुढे ढकलायला लावलेला. सॉरी.”

“आणि पॉझिटिव्ह आला असता तर?”

“तरी सांगितलं असतं. घाबरत घाबरत, पण सांगितलंच असतं.”

“आणि मला असता तर? मोडलं असतंस?”

“वेडी आहेस का? डॉक्टरकडे गेलो असतो, दोघांनी मिळून सांभाळलं असतं. तेवढ्यासाठी तुला सोडतो होय?” बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हलकं वाटलं.

शिवानीचे डोळे भरून आले. तिनं पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“गुरुजींकडे तुझ्या दोन दिवस आधी मी गेलेले, मुहूर्त लांबवा म्हणून,” ती म्हणाली. “तुला सांगायचा धीर होत नव्हता. हा माझा रिपोर्ट. पॉझिटिव्ह आहे.”