वाटाण्याचं सूप, अर्धी वाटी

सकाळी साडेसातला हेन्नी बूर्समा ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत, हॉस्पिटलचा पाठीमागून उघडा झगा घालून पडली होती. खुब्याचा सांधा बदलायचा होता. आठ महिने थांबल्यावर आजची तारीख मिळाली होती. तिच्या घरचा जिना शिडीसारखा उभा, त्यामुळे ऑक्टोबरपासून ती खालीच सोफ्यावर झोपत होती. उन्हाळ्यात वर आपल्या पलंगावर झोपायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

भूल देणारा डॉक्टर पडदा सारून आत आला. तरुण, दाढीवाला, डोक्याला निळी टोपी. हात मिळवून त्याने नाव सांगितलं, योरित डाइकस्ट्रा. मग दात हलतो का, कसली ॲलर्जी आहे का, असं एकेक विचारत तो कागदावर खुणा करू लागला. हेन्नीला हे प्रश्न तोंडपाठ होते. गेली नऊ वर्षं भूलतज्ज्ञांच्या परीक्षेत ती खोटी पेशंट होत आली होती. हातात आलेला कागद पाठ करायचा, आजारी पडायचं आणि दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय खरं सांगायचं नाही. असे दोनेकशे डॉक्टर तिने पाहिले असतील. चेहरे कोण लक्षात ठेवतो?

"शेवटचं कधी खाल्लंत?"

"काल संध्याकाळी सातला. वाटाण्याचं सूप, अर्धी वाटी. भूकच नव्हती हो."

खोटं बोलावं पण रेटून बोलावं, आणि हेन्नी तर त्यात मुरलेली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

योरितचं पेन मात्र थांबलं. स्टूल ओढून तो तिच्याजवळ बसला.

"बूर्समाबाई, हे मी ऐकलंय. चार वर्षांपूर्वी, परीक्षेत. अगदी त्या 'भूकच नव्हती हो'सकट."

परीक्षेच्या कागदावरचंच वाक्य होतं ते. थाप मारायची वेळ आली आणि जिभेने जे तयार होतं तेच पुढे केलं.

तो आवाज न चढवता सांगत राहिला. त्या दिवशी त्याने तिच्यावर विश्वास ठेवला, पुन्हा विचारलं नाही. मग शेजारच्या खोलीत भूल द्यायला तिच्या जागी रबरी पुतळा होता. भूल दिल्याबरोबर पुतळ्याच्या पोटातलं घशात आलं, तिथून फुप्फुसात गेलं आणि दहा मिनिटांत मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. तो नापास झाला. पुतळा पुढच्या डॉक्टरसाठी पुसून ठेवला.

"तुमचं तसं करता येणार नाही. म्हणून दुसऱ्यांदा विचारतोय. आज सकाळी काय खाल्लंत?"

हेन्नीच्या डोळ्यांपुढून जिना हलेना.

"पावाचा तुकडा," ती शेवटी म्हणाली. "लोणी, वर चॉकलेटचा चुरा. आणि दुधाची कॉफी. सहा वाजता. चाळीस वर्षं उठल्या उठल्या तेच करते, हाताने आपलं करून टाकलं. निम्मा खाल्ल्यावर आठवलं."

"आणि उरलेला निम्मा?"

"तोही खाल्ला."

योरितने कागदावर आडवी रेघ मारली. सर्जन उद्यापासून रजेवर होते आणि आजची दुपार भरलेली होती. नवी तारीख पाच आठवड्यांनी मिळेल, त्याने सरळ सांगून टाकलं. हेन्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तो उठला. पडदा धरला, पण बाहेर पडेना. परीक्षेत शेवटी खोट्या पेशंटने डॉक्टरला एक वाक्य सांगायचं असतं, 'पेशंट म्हणून मला' असं सुरू होणारं. ते ऐकल्याशिवाय कुणी खोली सोडत नाही. हेन्नीलाही त्याचं थांबणं कळलं. तिने झग्याच्या बाहीला नाक पुसलं.

"पेशंट म्हणून मला तुमचा भयंकर राग आलाय, डॉक्टर."

योरितने मान डोलावली.

"मागच्या खेपेला तुम्ही म्हणाल्या होतात, पेशंट म्हणून मला तुमच्याकडे फार बरं वाटलं."