वस्तादांची पाठ

सोनबा वस्तादांनी वहाणा दाराबाहेर सोडल्या, सदरा काढून खिडकीच्या गजाला अडकवला आणि भिंतीशी दोन-तीन ओळींत बसलेल्या पोरांमध्ये, अगदी शेवटच्या ओळीत जाऊन मांडी घातली. अंगावर नुसती अर्धी चड्डी, पोरांसारखीच.

विजयसिंहाच्या तोंडापर्यंत आलेली शिट्टी तशीच खाली गेली. सकाळपासून तो या पोरांची मनधरणी करत होता. बारामतीहून टेम्पोत घालून आणलेली नवी कोरी गादी शाळेच्या हॉलभर पसरली होती आणि एक पोरगं तिच्यावर पाय ठेवायला तयार नव्हतं. गादी झोपायला, कुस्तीला माती, असा त्यांचा सरळ हिशोब. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय कुस्त्या पहिल्यांदाच गादीवर झाल्या, तेव्हा हेच बहाद्दर पहिल्या फेरीत आपटी खाऊन, तोंडं पाडून गावी, कळसला परतले होते. बारामतीला होणाऱ्या यंदाच्या कुस्त्या महिन्यावर आल्या होत्या. पण वस्तादांनी शिकवली नाही ती कुस्ती कसली? आणि वस्तादांची सारी हयात मातीत गेलेली, गादीवरची कुस्ती त्यांना येत नव्हती. म्हणून तर हेडमास्तरांच्या खनपटीला बसून त्यांनी विजयसिंहाला, बाहेर शिकून आलेल्या आपल्याच जुन्या पठ्ठ्याला, शाळेत आणवलं होतं.

"वस्ताद, तुमी तिकडं का बसलाय?" विजयसिंहानं विचारलं.

"शिकाया आलोय. काय दावायचं ते दाव, इज्या."

"कुणावर दावू? एक बी उठंना."

"मग मी उठतो की."

वस्ताद उठले. साठीला टेकलेलं अंग, कुस्तीत मोडून गड्डा झालेले कान, थोडं सुटलेलं पोट. गादीच्या काठाशी वाकून त्यांनी सवयीनं तिला हात लावला आणि कपाळाला नेला. बोटांना काहीच लागलं नव्हतं. त्यांनी बोटं निरखून पाहिली आणि स्वतःशीच हसले.

इंदापूर तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक होती, की सोनबा वस्तादांच्या पाठीला आजवर कुणी माती लावलेली नाही. ना जत्रेत, ना तालमीत. पोरं त्यांचा शब्द झेलत ती त्या पाठीच्या भरवशावर. ती पाठ आज टेकवायची, तीही या पोरांच्या देखत, आणि कुणी? तर त्याच पाठीवर बसून लहानपणी ज्यानं वस्तादांना जोर काढायला लावले, त्या विजयसिंहानं!

तो पट काढायला वाकला, वस्तादांचा एक पाय धरून उचलला आणि भरली घागर उतरवावी तसं त्यांना अलगद गादीवर बसवलं.

वस्ताद बसल्या जागेवरून गरजले, "हे काय रं? पाया पडाया वाकलास का पट काढाया?"

पोरं फिस्सकन हसली.

"हसू नगा. इज्या, तू ह्यांना खोटं दावलंस तर ही तितं बारामतीला खोटंच लढतील. मी आता सोडणार न्हाय. तू बी सोडू नगंस."

आणि खरंच सोडलं नाही. वस्तादांचा पंजा मानेवर पडला तेव्हा विजयसिंहाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो पायात शिरला, वस्तादांनी सारं अंग त्याच्यावर टाकून त्याला दाबून धरलं. पुन्हा शिरला, पुन्हा तेच. पुढची पोरं उठून उभी राहिली. "वस्ताद! वस्ताद!" असा एकच गिल्ला झाला, आणि सगळ्यांत थोराड असलेल्या संभाजीनं तर जागच्या जागी शड्डू ठोकला. म्हातारा जीव तोडून लढत होता. विजयसिंहाला त्या क्षणी त्यांचा असा काही अभिमान वाटला, की आता हात राखून लढणं हाच त्यांचा अपमान झाला असता.

त्यानं मानेला हात घातल्याची हूल दिली. वस्ताद किंचित वर उठले, तेवढ्यात तो खाली गेला, दोन्ही गुडघे कवेत घेतले आणि खांद्यानं उचललं. वस्ताद आडवे झाले, आणि दोन्ही खांदे धाडकन गादीवर आले. शेजारच्या वर्गात चाललेली कविता मध्येच थांबली.

संभाजीचे डोळे भरून आले होते आणि तो विजयसिंहाकडे खाऊ की गिळू असा बघत होता. विजयसिंह वस्तादांपाशी गुडघ्यावर बसला. आपले हात झडून पडावेत असं त्याला वाटलं.

"वस्ताद, लागलं का? चुकलं माझं."

वस्ताद उताणेच पडले होते. धाप लागली होती. त्यांनी मान वळवून पोरांकडे पाहिलं, पुढच्यांकडे, मग त्यांच्या पायांमधून पार मागच्या भिंतीपर्यंत. मग कोपरावर रेटा देऊन उठले, चड्डी सावरली आणि गुडघ्यात वाकून पुन्हा विजयसिंहासमोर उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "अजून येकदा करा. मागच्या पोरांस्नी दिसलं न्हाय."