ताट वाढल्याची सूचना

कोरगावच्या घरी बसून मी जुन्या मराठी गद्यावर एक संकेतस्थळ चालवतो. लिहीत असताना मला हाक ऐकू येत नसे, म्हणून माझी पत्नी सत्यवती स्वयंपाकघरातून, मोबाइलवरून, माझ्या लेखाखाली प्रतिक्रिया टाकी: "ताट वाढले आहे." प्रतिक्रिया आल्याची सूचना ईमेलने येई आणि मी उठे.

सत्यवती वारली, त्याला वर्ष झाले. सूचना मात्र दुपारी अजून येते. संकेतस्थळ उघडून पाहावे, तर प्रतिक्रिया नसते.

शेजारच्या गौरेशला हे कळले आणि तो न बोलावता दुरुस्तीला आला.

"काका, जुने मेल सर्व्हरात अडकले आसतले. सूचनाच बंद करतंय."

"अडकलेला मेल रोज नव्या लेखाखालून कसा येईल?" मी म्हणालो. "राहू दे ते."

"मशिनीवांगडा पण वाद घालतास तुमी!" तो हसला. मी त्याचा हात धरीपर्यंत त्याने ती सोय बंद केली होती. "झाला. आता येवचा नाय."

मी पडद्याकडे पाहत राहिलो. वर्षभरात प्रथमच घर रिकामे वाटले.

मग सूचना आली. गौरेशने ती वाचली आणि त्याचे हसू मावळले.

"गौरेश आला आहे ना? त्याला जेवल्यावाचून पाठवू नका. दोन ताटे वाढते."

सकाळपासून मी गॅस पेटवला नव्हता. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. मग दुसरा पाट सरकला.

गौरेश उठून बाहेरच्या दाराकडे गेला. मी हात धुवायला गेलो.