मार फुंक

कॉलेजच्या फुटबॉल फायनलला पिऊन कुणी आत शिरू नये, म्हणून मुक्ताबाई गेटवर उभी राहून एकेकाच्या तोंडाचा वास घेत होती.

"मार फुंक."

"ए मावशे, सरक! कप माझ्या बापानं दिलाय."

भपकारा आला तशी तिनं पोराची कॉलर धरली आणि स्टेजवरून त्याच्या बापालाच बोलावून घेतलं. बाप म्हणजे कॉलेजसमोरच्या दारूच्या दुकानाचा मालक, भाऊसाहेब. गळ्यातला हार सावरत तो आला आणि त्यानं हात जोडले.

"मुक्ताबाई, सोडा त्याला. चारचौघांत शोभा नको."

"सोडते की. आदी समद्यांदेखत त्याच्या तोंडाचा वास घ्या. तुमच्याच दुकानातला हाय. मागल्या फायनलला मी माझ्या पोराच्या, समर्थच्या मढ्याचा घेतला. तुमी जित्याचा घ्या."